धरणाऱ्याचे हात

१

सकाळचे अकरा वाजून सतरा मिनिटं झाली होती, तेव्हा हे सुरू झालं. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण ती त्या फोटोच्या कोपऱ्यात छापून आली आहे, आणि तो फोटो दीपाच्या पेटीत, लग्नाच्या शालूखाली अजून तसाच आहे.

तोवरची सकाळ रोजच्यासारखीच होती. दीपाच्या नवऱ्यानं, गोपालनं, कापसाची गाठोडी बांधून ठेवली, दीपानं डबा भरला, आणि पाळण्यात कोंड्याची छाती पुन्हा घरघरायला लागली. कोंड्या चौदा महिन्यांचा. कागदावर त्याचं नाव अमर, पण घरात कोंड्याच, आणि ते का ते पुढं येईलच. महिन्यातून दोनदा तरी त्याची छाती भरायची. बरगड्या आत ओढल्या जायच्या, नाकपुड्या फुलायच्या, आणि दीपा त्याचे श्वास मोजत बसायची. तिची पहिली पोरगी चार महिन्यांची असताना अशीच गेली होती.

वेचणीच्या बायांना वावरात सोडून गोपालला निघता येईना. मग दीपा आणि तिची मोठी जाऊ विमलताई, अशा दोघीच लेकराला घेऊन ऑटोनं आर्णीला आल्या. ऑटोत लेकरू विमलताईच्याच मांडीवर होतं, हे सांगायला नको. डॉक्टरनं नळी लावून छाती ऐकली आणि चिठ्ठी लिहिली. फोटो काढून आणा, म्हणाला.

एक्स-रे सेंटर बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. तिथं तारिक फोटो काढायचा आणि त्याची बहीण शमा बाहेर टेबलावर नावं लिहून घ्यायची.

"बाळाचं वय?" शमानं विचारलं.

"चवदा महिने अन् नऊ दिवस," विमलताई बोलून मोकळी झाली. दीपाच्या ओठांवर नुसतं 'चौदा महिने' एवढंच आलं होतं.

"तुम्ही आई ना?" शमा विमलताईलाच म्हणाली.

"आई मी हाय," दीपा म्हणाली. जरा जोरातच.

उजव्या हाताची मूठ कधी वळली, ते तिला कळलं नाही. अंगठी बोटात रुतली तेव्हा कळलं. ही तिची जुनीच खोड. विमलताईच्या खांद्यावर कोंड्याला एकदम ढास लागली.

"हळू बोल वं माय," विमलताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "दचकते तो."

२

आतली खोली लहान, थंड आणि अर्धवट अंधारी. कुठंतरी बॅटरीची पेटी थांबून थांबून टीक करत होती.

"एकच जण थांबा आत. आई थांबा," तारिक म्हणाला. तेवढ्यानं दीपाला बरं वाटलं. विमलताई दाराशी रेंगाळली, मग बाहेर बाकड्यावर जाऊन बसली.

तारिकनं दीपाच्या गळ्यात शिशाचा जड एप्रन अडकवला. "ताई, लोखंड, सोनं, जे असन ते काढून ठेवा."

दीपानं पोत काढली. मग उजव्या हाताच्या मधल्या बोटातली अंगठी ओढून काढली. ही अंगठी घोड्याच्या नालेची. पहिली पोरगी गेल्यावर सासूनं घडवून घातली होती, नजर लागू नये म्हणून. दीपानं दोन्ही पदराच्या गाठीत बांधले.

कोंड्याला पाटीसमोर बसवलं. दीपानं त्याचे दोन्ही हात कानाशी धरून वर केले. त्याच्या दंडांची ऊब तिच्या बोटांना लागत होती. लेकरानं तिच्याकडं पाहिलंच नाही. मान वळवून तो दाराकडं पाहत होता, जिथून ताई गेली होती.

टक् असा आवाज झाला. संपलं.

"या, पाहा," तारिक कॉम्प्युटरपाशी बसत म्हणाला. त्याला हे दाखवायची हौस होती. "हा फोटो आता एआय वाचते. लाखो फोटो दाखवून शिकवलं हाय त्याले. यवतमाळचे मोठे साहेब संध्याकाळी पाहतीन, हे मिनिटात सांगते. जिथी शक, तिथी रंग भरते."

काळ्या पडद्यावर कोंड्याच्या बरगड्या दिसत होत्या, केरसुणीच्या काड्यांएवढ्या. वर दोन्ही बाजूंना दीपाच्या बोटांची हाडं, राखाडी. आपली हाडं अशी असतात होय, असं तिला वाटून गेलं. मग चित्रावर रंग उमटले. काळजाच्या डाव्या अंगाला एक लाल डाग, मोसंबीएवढा. आणि त्याच्यावर पसरलेला एक पिवळा चौकोन.

"लाल म्हणजे कफ. न्युमोनिया," तारिक म्हणाला. "घाबरू नोका, औषधानं जाते. पण हा पिवळा म्हणजे मधात काही आडवं आलं..." तो पुढं वाकला. पडद्याच्या तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत काही ओळी होत्या. त्यातल्या एकीवर त्याचं बोट थांबलं.

"हे काय हाय?" दीपानं विचारलं.

"लहान लेकरू कोणी धरल्याशिवाय बसत नाही ना? मंग धरणाऱ्याची बोटं फोटोत येतेच. त्यायले बाळाचं हाड समजून गडबड नको, म्हणून मशीन पयले हात मोजते अन् सोडून देते. रोज इथी दोन लिहून येते."

सातवीपर्यंत शिकलेल्या दीपाला इंग्रजी ओळ वाचता आली नाही. आकडा वाचता आला. चार.

३

"डब्बल काढू," तारिक हसून म्हणाला. "कधी कधी पाटीवर आधीच्या पेशंटची सावली राहून जाते."

त्यानं पाटी पुसली. यंत्र बंद करून चालू केलं. दीपानं मधल्या वेळात बाहेर डोकावून पाहिलं. बाकडं रिकामं होतं. "तुमच्या ताई बिस्कीट आणाले गेल्या," शमा म्हणाली. "भूक लागली असन लेकराले, म्हणे."

म्हणजे विमलताई इमारतीतच नव्हती. हे दीपानं नीट लक्षात ठेवलं, कारण पुढं स्वतःला समजावताना तिला हीच गोष्ट पुनःपुन्हा आडवी आली.

दुसरा फोटो. पुन्हा टक्. पुन्हा लाल, पुन्हा पिवळा, पुन्हा चार.

आता तारिक हसला नाही. त्यानं पिवळा रंग काढून टाकला आणि चित्र मोठं केलं. तेव्हा दीपालाही दिसलं. लेकराच्या छातीवर आडवा पसरलेला एक मोठ्या माणसाचा पंजा. पाची बोटं फाकलेली, जसा कोणी झोपलेल्या लेकरावर हात ठेवावा तसा. पण कातडीवर नाही. बरगड्यांच्या आत.

"आधीचा पेशंट कोण होता रे?" तारिकनं बाहेर आवाज दिला.

"देवीलाल काका," शमाचा आवाज आला. "गुडघा."

तारिकनं पडद्यावर बोट ठेवून मोजलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मले तीनच हात दिसते. दोन तुमचे, एक हा. चौथा कुठी हाय, ते मशीनलेच ठाऊक."

दीपाला चौथ्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती त्या पंजाची करंगळी पाहत होती. करंगळीचं शेवटचं पेर नव्हतं.

विमलताईच्या उजव्या हाताची करंगळी नऊ वर्षांपूर्वी कडबा कापायच्या कुट्टीच्या मशीनमध्ये गेली होती. शेवटच्या पेरापासून.

४

कोंड्याला कोंड्या का म्हणत, ते आता सांगायला हवं.

पहिली पोरगी गेल्यावर सासूनं मनाशी पक्कं केलं होतं, की दुसरं लेकरू या आईच्या नावावर ठेवायचं नाही. या आईच्या लेकरांवर कोणाची तरी नजर आहे, तिला फसवायचं. म्हणून कोंड्या पाच दिवसांचा झाला तसं सुपात कोंडा पसरून त्याला त्यावर निजवलं, सूप उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवलं, आणि विमलताईनं पसाभर ज्वारी देऊन ते लेकरू विकत घेतलं. विमलताईचा नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, पोटी काही नाही. तिनं सूप उचललं आणि छातीशी धरूनच घरात आणलं.

"पाच वर्षं हे तुहं," सासू म्हणाली. "पाचवं सरलं, का दीपा ज्वारी वापस करन अन् लेकरू घेऊन जाईन. तवरोक कोणी इचारलं, तर हे दीपाचं नाही."

खेळच होता तो. दूध दीपाच पाजायची, आंघोळ तीच घालायची. पण खेळ कधी खरा व्हायला लागतो, ते कळत नाही. दीपा वेचणीला जायची, कोंड्या दिवसभर ताईजवळ. त्याला झोप यायची ती ताईनं छातीवर उघडा पंजा ठेवल्यावरच. दीपानं तसाच हात ठेवून पाहिला, तर लेकरू किंचाळून उठलं. संध्याकाळी दीपा वावरातून आली की तो तिच्याकडं झेपावायचा नाही. 'मोठी माय' म्हणतात त्या बाजूला चुलतीला, तर त्याचा पहिला शब्द 'माय' आणि बोट विमलताईकडं.

सासू चैत्रात गेली. खेळ मोडायला सांगणारं कोणी उरलं नाही.

५

तारिकनं दोन्ही फोटो पाकिटात घालून दिले. डॉक्टरनं ते उजेडात धरले, लाल डागाची जागा पाहिली, औषध लिहिलं. पंजा दिसला असेल, तर तो काही बोलला नाही. कदाचित धरणाऱ्याचाच हात समजला असेल. फोटोत हात येतातच.

घरी आल्यावर दीपा रोज दुपारी, घरात कोणी नसताना, फोटो खिडकीला लावून पाहायला लागली. मनाला समजवायची. पाटीवर सावली राहते, त्या पोरानंच सांगितलं. करंगळी वाकली असेल, म्हणून आखूड दिसली असेल. ताई तर दुकानात होती. मग फोटो पेटीत ठेवायची. बाहेर ओसरीवर विमलताईचा गाण्याचा आवाज यायचा, संथ, एका सुरात. तिच्या उघड्या पंजाखाली कोंड्या झोपलेला. आणि दीपाला वाटायचं, हा हात बाहेर दिसतो तेवढाच नाही. हा आत रुजला आहे. माझ्या लेकराचं काळीज या बाईनं धरून ठेवलं आहे. म्हणून ते माझं होत नाही. म्हणून त्याला श्वास पुरत नाही.

ती दारात उभी राहून दोघांकडं पाहत राहायची. अंगठी बोटात रुतायची. मग कोंड्या झोपेत खोकायला लागायचा, आणि विमलताई मान न वळवता म्हणायची, "दीपा, तू आत जाय जराशी."

मान न वळवता. हे दीपाला फार लागायचं.

६

एका मंगळवारी सकाळी तिनं ओंजळभर ज्वारी पदरात घेतली आणि विमलताईपुढं धरली.

"हे काय वं?" विमलताई म्हणाली.

"तुमची ज्वारी, ताई. माहं लेकरू मले द्या."

विमलताई भाकऱ्या थापत होती. हात पिठातच राहिले. "पाचवं सराले अजून पावणेचार वर्ष हाय, दीपा."

"मले ठाऊक हाय."

"सासूबाईचा शबूद..."

"सासूबाई गेल्या. अन् लेकरू मी काढलं पोटातून, तुम्ही सुपातून उचललं." बोलून झाल्यावर दीपानं नजर दुसरीकडं वळवली. पण तिनं पदर मागं घेतला नाही.

गोपाल मधे पडला. "येवढं काय झालं? एकाच घरात तं राह्यतो आपण. कोणाचंबी असो."

"एकाच घरात नाही," दीपा म्हणाली.

विमलताईनं हात धुतले. पुष्कळ वेळ धुतले. मग ज्वारी घेतली आणि दीपाच्या कडेवरच्या कोंड्यासमोर उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते. "एकडाव हात ठेवू दे त्याच्या छातीवर. मंग चालली मी भावाकडे, ढाणकीले."

"कायले?" दीपा म्हणाली आणि एक पाऊल मागं सरली.

"माह्यावर राग कर तू, माय," विमलताई हळू म्हणाली. "चांगला पोटभर कर. पण त्याच्यापाशी बसून नोको करू. येवढंच सांगते."

दीपाला वाटलं, टोमणा मारला. जाता जाता सुद्धा मारला.

विमलताईनं आपला साधा फोन देव्हाऱ्यापाशी ठेवला. रिचार्ज गोपाल करायचा, म्हणून फोन घरचाच, असा तिचा बाणा. पिशवी घेऊन ती चालत फाट्यापर्यंत गेली आणि गाडीत चढली. कोंड्या दीपाच्या खांद्यावरून हात लांब करून ओरडत राहिला, गाडी दिसेनाशी होईपर्यंत आणि त्यानंतरही.

७

पुढचे अकरा दिवस कोंड्याची छाती घरघरली नाही.

अकरा दिवस. दीपानं बोटांवर मोजले. तिला इतकं हलकं वाटत होतं, की वेचणीला न जाता ती दिवसभर त्याच्याजवळच बसायची. त्याला पेज भरवायची, त्याच्याशी बडबडायची. "पाह्यलं?" ती गोपालला म्हणाली. "ताई गेली अन् छाती मोकळी झाली. आता तरी पटलं का नाही?" गोपालनं मान हलवली. त्याला एकच गोष्ट खटकत होती. लेकरू झोपताना स्वतःचाच इवलासा पंजा स्वतःच्या छातीवर ठेवत होतं, आणि दाराकडं पाहत होतं.

बाराव्या दिवशी गोपाल बाजार करून लवकर आला. दारातूनच त्यानं लेकराला आवाज दिला. कोंड्या दीपाच्या मांडीवर होता. तो मांडीवरून सरकला, रांगत रांगत ओसरी पार करून गेला, बापाच्या पायाला धरून उभा राहिला आणि खदखदून हसला. असा तो दीपाकडं पाहून अकरा दिवसांत एकदाही हसला नव्हता.

"बाबूजीचं पोट्टं हाय हे," गोपाल त्याला वर उचलून म्हणाला. "मायचं नाहीच!"

गंमतच केली त्यानं. दीपाही हसली. हसता हसता तिला बोटात कळ लागली.

गोपालच्या हातातच लेकराचं हसणं तुटलं. ओठ निळे पडले. बरगड्या आत ओढल्या गेल्या, इतक्या, की वाटलं आता परत फुलत नाहीत.

८

आर्णीला पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. डॉक्टरनं वाफ दिली, सुई दिली. थोडा उतार पडल्यावर म्हणाला, "लगेच फोटो काढा अन् इथंच भरती करा."

गोपाल भरतीच्या कागदांमागं लागला. दीपा लेकराला घेऊन त्या मागच्या गल्लीत गेली.

तारिकनं तिला ओळखलं. चेहरा जरा उतरला त्याचा. "आता तुम्हाले धरा लागत नाही, ताई," तो म्हणाला. "नवीन खुर्ची आणली." प्लास्टिकची छोटी खुर्ची होती, मागं पाटी, छातीवरून पट्टा, हात वर अडकवायला मऊ कप्पे. "कोणाचाच हात येत नाही मधात. तुम्ही काचेच्या मांगं थांबा."

तरी सवयीनं दीपानं पोत काढली, अंगठी काढली, पदराच्या गाठीत बांधली.

काचेमागं ती एकटी उभी होती. खोलीत तारिक पट्टा लावत होता. कोंड्या रडायला लागला, तशी शमा आत आली आणि त्याच्यासमोर ओढणी तोंडावर घेऊन खाली ओढली. "कुठी गेलं बाळ? हे आलं बाळ!" कोंड्या थांबला. पाहत राहिला. मग त्या परक्या पोरीकडं पाहून, दम लागलेला असतानाही, हसला.

काचेच्या या बाजूला बॅटरीची पेटी टीक करत होती.

शमा आणि तारिक बाहेर आले. दार लागलं. खोलीत लेकरू एकटं.

टक्.

तारिक कॉम्प्युटरपाशी आला. चित्र आलं. रंग आले. पिवळा नव्हता. उघडा पंजा नव्हता. दीपानं हुश्श केलं, कारण तेवढंच पाहायला तिचे डोळे गेले होते. मग तिला दिसलं, की तारिक तळाची ओळ वाचतोय. पुन्हा वाचतोय.

"कोणी धरलंच नाही," तो म्हणाला. "मी पाह्यलं ना. कोणी नव्हतं आत."

ओळीच्या शेवटी आकडा होता. एक.

९

"दाखव," दीपा म्हणाली.

"ताई, राहू द्या. मी साहेबाईले फोन लावतो."

"दाखव म्हणते ना!"

त्यानं रंग काढला. लाल डाग होता तिथं चित्र मोठं केलं, काळं-पांढरं कमीजास्त केलं. कफाची जागा धुकट होती. मग त्या धुक्यात रेषा दिसायला लागल्या. आखूड, जवळजवळ, एकाला एक चिकटलेल्या. बोटांची पेरं. मिटलेली.

मूठ होती ती. आणि मधल्या बोटाच्या बुडाशी एक गोल पांढरंशुभ्र कडं, हाडांपेक्षा पांढरं. लोखंड असं दिसतं.

तारिकनं मागच्या महिन्यातला फोटो बाजूला उघडला. त्यानं तो का उघडला, ते त्यालाच ठाऊक. तिथं लाल डाग होता, आणि त्याच्यावर ताईचा पंजा. त्यानं ती जागा तशीच मोठी केली. पंजाच्या पलीकडं तीच मूठ होती, तेच कडं. पण तिथं ती लेकराच्या काळजापर्यंत पोचलेली नव्हती. उघडा पंजा मधे होता. अर्ध्या करंगळीसकट पाची बोटं ताणून कोणीतरी त्या मुठीला अडवून धरलं होतं.

दीपानं पदराची गाठ चाचपली. अंगठी गाठीतच होती. कडक, गार.

मग तिनं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. तो तिच्या कमरेपाशी, लुगड्याच्या निऱ्यांआड होता, आणि मिटलेला होता. अंगठीच्या जागी बोटावर पांढरा वळ. तिनं तो मिटला नव्हता. तिनं तो उघडायला सांगितलं, तर तो उघडेना. काचेपलीकडं कोंड्याची मान खुर्चीत कलली होती. तोंड उघडं, आवाज नाही.

तिनं डाव्या हातानं एकेक बोट सोडवलं. करंगळी. तिच्या शेजारचं. मधलं फार जोरात धरून होतं. नख आत गेलेलं, तिथून रक्त आलं. मग पहिलं. मग अंगठा.

काचेपलीकडं लेकरानं मोठा, लांब, घरघरता श्वास घेतला आणि टाहो फोडला.

दीपा तशीच उभी राहिली, उघडा हात पुढं धरून, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. तिला पहिली पोरगी आठवली. तीसुद्धा आजीच्याच मांडीवर राहायची, आजीकडंच पाहून हसायची, आणि त्या दुपारी दीपा दारात...

नाही. तिथून पुढं तिनं स्वतःला आठवू दिलं नाही.

१०

यवतमाळच्या साहेबांनी संध्याकाळी फोटो पाहून न्युमोनिया लिहिला. हातांबद्दल काही नाही. तारिकनं ती ओळ त्यांना दाखवली, तर मशीन चुकलं म्हणाले, कंपनीला कळवतो म्हणाले. चुकलं असेलही. दीपा रोज हेच म्हणून पाहते.

कोंड्या सहा दिवसांनी घरी आला. जिवंत आहे. आता त्याला गोपाल खेळवतो, आणि तो खेळवत असताना दीपा स्वयंपाकघरात जाऊन बसते, दाराला पाठ करून. उजवा हात ती पोळपाटावर पालथा ठेवते आणि पाची बोटं फाकवून जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधून घेते. गोपालनं कारण विचारलं, तर मुरगळला म्हणाली. तरी कधी ओसरीवरून लेकराचं हसू ऐकू येतं, आणि लाकडाच्या पोळपाटावर नखांचा करकर आवाज व्हायला लागतो. मग ती मोठ्यानं भांडी वाजवते.

गोपाल ढाणकीला जाऊन आला. वामनरावांच्या घराला, म्हणजे ताईच्या भावाच्या घराला, कुलूप. शेजारी म्हणाले, वेचणीला गेले सारे, कुठल्या गावाला ते सांगून गेले नाहीत. ताईचा फोन तर देव्हाऱ्यापाशीच आहे. दीपानं आर्णीच्या स्टँडवर, ढाणकीच्या बाजूला जाणाऱ्या उमरखेडच्या गाडीत चढून बायांना निरोप दिला, कंडक्टरला दिला. अजून ताई आली नाही. आणि काल दुपारी चिंधीची गाठ सैल झालेली सापडली. ती दीपानं सोडली नव्हती.

म्हणून तुम्हाला सांगायचं. ढाणकीच्या बाजूला कोणी जात असाल, बाजाराला, सोयरिकीला, वेचणीला, तर तिथं वामनरावांच्या बहिणीची चौकशी करा. ओळख सोपी आहे, उजव्या हाताची करंगळी अर्धी. तुम्ही जात नसाल, तर जो जात असेल त्याला सांगा, आणि त्यालाही पुढं सांगायला सांगा. एवढेच शब्द, असेच्या असे:

"ताई, दीपानं सूप काढून ठेवलं हाय. कोंडा पसरून ठेवला हाय. ज्वारीचा दाणाबी नको तिले. लेकरू उंबऱ्याबाहेर ठेवते, उचलून न्या, पाच वर्षं नाही, जलमभर तुमचं. फक्त आधी त्याच्या छातीवर हात ठेवा. अन् दारात दीपा दिसली, तं तिच्याकडे पाहून लेकराले हसवू नोका."